मोटारवाल्याने वाचवलेली उपज

१५ ऑगस्ट हा कॅथलिकांचा मरियामातेच्या स्वर्गारोहणाचा सण. १९१९ साली त्या दिवशी पॅरिसच्या नोत्र-दाममध्ये सायंप्रार्थनेला क्लॉड जॉन्सन नावाचे इंग्रज गृहस्थ आले होते. रोल्स-रॉइसचे हे व्यवस्थापकीय संचालक. कंपनीच्या दोन नावांमधली जोडरेषा म्हणजे जॉन्सन, असं लोक गमतीने म्हणत. ऑर्गन ऐकून ते भारावले आणि हे संगीत छापील कुठे मिळेल, अशी त्यांनी चौकशी केली. ते कुठेच मिळणार नव्हतं. तिथले मुख्य ऑर्गनवादक लुई व्हिएर्न यांच्या जागी बसलेल्या ३३ वर्षांच्या मार्सेल द्युप्रे यांनी ते सगळं आयत्या वेळी सुचेल तसं वाजवलं होतं. जॉन्सन यांनी मोबदला देऊन ते लिहून घेतलं.

जुन्या रीतीप्रमाणे एक कडवं गायकवृंद गातो आणि पुढच्या कडव्याच्या जागी नुसता ऑर्गन वाजतो. द्युप्रेंनी लिहून दिलेली १५ पदं अशाच जागांसाठी आहेत. पाच स्तोत्रांच्या पालुपदांची, चार ‘आवे मारिस स्तेला’ या मरियागीताची आणि सहा ‘माग्निफिकात’ या मरियेच्या स्तुतिगानाची. पालुपदांचे शब्द बायबलमधल्या ‘गीतरत्न’ या प्रेमकाव्यातले. म्हणून तिथला सूर हळवा. ‘आवे मारिस स्तेला’ची प्राचीन चाल सुरुवातीलाच षड्जावरून थेट पंचमावर झेपावते. त्या गीताच्या शेवटच्या ‘आमेन’ला मात्र टोकाटा आहे : बोटांची अखंड धावपळ आणि ऑर्गनचा भरघोस आवाज.

एका माणसाकडून इतके रंग निघतात, त्याचं श्रेय कारागीर कावाये-कोल यांनाही आहे. नोत्र-दाममधल्या १८६८च्या त्यांच्या ऑर्गनला ८६ स्टॉप, म्हणजे वेगवेगळ्या आवाजाच्या नळ्यांचे संच, हातांसाठी पाच कीबोर्ड आणि पायांसाठी वेगळा. काही नळ्या झडपांच्या पेटीत बंद. पायाने झडपा उघडत नेल्या की आवाज ऑर्केस्ट्रासारखा फुलत जातो.

९ डिसेंबर १९२० रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ही पदं गायनासह सादर झाली. मूळ उपज नेमकी अशीच होती का, हे पडताळायला ध्वनिमुद्रण नाही. आज वादक ती स्वरलिपीबरहुकूम वाजवतात. नोत्र-दामने मात्र उपज सोडलेली नाही. २०१९च्या आगीनंतर ७ डिसेंबर २०२४ला कॅथेड्रल पुन्हा उघडलं, तेव्हा आर्चबिशपनी ऑर्गनला आठ वेळा साद घातली. चार वादकांनी आळीपाळीने दिलेली उत्तरं तिथल्या तिथे सुचलेली होती.