विलंबाची कारणे काय आहेत?

डिसेंबर २०२५च्या हिवाळी अधिवेशनात दोन मोठी विधेयके एका दिवसाच्या अंतराने लोकसभेत आली. १५ तारखेला आले ‘विकसित भारत शिक्षा अधिष्ठान विधेयक’. विद्यापीठ अनुदान आयोग, तंत्रशिक्षण परिषद आणि शिक्षक शिक्षण परिषद मोडीत काढून त्यांच्या जागी एकच अधिष्ठान उभे करायचे, असा त्याचा घाट. विरोधकांनी आक्षेप घेतले आणि सरकारने फार न ताणता ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे धाडले. १६ तारखेला आले ग्रामीण रोजगार हमीचा कायदा रद्द करून त्या जागी नवा आणणारे विधेयक. विरोधकांची मागणी तीच होती: समितीकडे पाठवा. १८ तारखेला लोकसभेने ते मंजूर केले, त्याच रात्री बारा वाजून गेल्यावर राज्यसभेने. २१ तारखेला राष्ट्रपतींची स्वाक्षरीही झाली.

विद्यापीठांच्या नियमनावर खासदारांनी महिनोन्‌महिने बसून विचार करावा आणि कोट्यवधी मजूर कुटुंबांच्या कामाचा प्रश्न तीन दिवसांत निकालात निघावा, यामागे काही नियम असेल असे वाटेल. तसा नियम नाही. विधेयक समितीकडे जावे की न जावे हे व्यवहारात सरकार ठरवते. तपासणी कोणाची, कधी आणि किती करायची हे जिची तपासणी व्हायची तीच मंडळी ठरवतात. शिक्षण आणि रोजगार या दोन विषयांवरच्या संसदीय देखरेखीचा गेल्या काही दशकांचा हिशेब मांडायला बसले की याच मुद्द्यापाशी पुन्हा पुन्हा यावे लागते.

रोजगार हमीचे मूळ महाराष्ट्रातले, तेही विधिमंडळाशी जोडलेले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला प्रयोग केला. १९७२च्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर गेली. पाझर तलाव, नालाबांध, खडी फोडणे, सुकडी हे शब्द त्या पिढीच्या तोंडी बसले. १९७७चा कायदा २६ जानेवारी १९७९पासून अमलात आला. पैशाची तजवीजही विधिमंडळानेच केली होती, १९७५च्या व्यवसाय कर कायद्याने. शहरातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकावर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले गेलेले दिसतात, ते हेच. आपला हा पैसा मुळात कशासाठी सुरू झाला हे कापून घेणाऱ्या कारकुनालाही आता आठवत नसेल. योजनेवर लक्ष ठेवायला विधिमंडळाची स्वतंत्र रोजगार हमी योजना समिती झाली. एखाद्या योजनेवर नजर ठेवण्यासाठी आमदारांची कायमची समिती असणे, ती जिल्ह्यात जाऊन हजेरीपट तपासणार हे तहसीलदाराला ठाऊक असणे, याला मोल होते. समितीच्या दौऱ्यात विश्रामगृहावरची सरबराईच जास्त गाजते, हा भाग अलाहिदा.

दिल्लीत हा विषय पोचला २००४मध्ये. त्या वर्षीच्या २१ डिसेंबरला राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी विधेयक मांडले गेले आणि ग्रामीण विकासाच्या स्थायी समितीकडे गेले. समितीचे अध्यक्ष होते कल्याण सिंह. भाजपचे, म्हणजे विरोधी पक्षाचे. विधेयक काँग्रेस आघाडीच्या सरकारचे. मूळ मसुद्यात हमी होती ती गरीब कुटुंबांना. आता ‘गरीब’ ठरवायचे म्हणजे दारिद्र्यरेषेची यादी आली, आणि यादी आली की सरपंचाचा चुलतभाऊ आत व शेवटच्या वस्तीवरची विधवा बाहेर. समितीने सांगितले, ही अट काढा. जो अंगमेहनतीला तयार आहे त्याला काम द्या. योजना देशभर केव्हा लागू होणार याला मसुद्यात कालमर्यादा नव्हती, अंतिम कायद्यात पाच वर्षांची मर्यादा आली. समितीने जुलै २००५मध्ये अहवाल दिला आणि ऑगस्टमध्ये संसदेने विधेयक मंजूर केले. मांडण्यापासून मंजुरीपर्यंत आठ महिने. त्या आठ महिन्यांत विरोधी पक्षाच्या अध्यक्षाने सरकारचा कायदा सरकारपेक्षा अधिक उदार केला. विभागनिहाय स्थायी समित्यांची पद्धत १९९३मध्ये सुरू झाली. तिच्या बाजूने एकच उदाहरण द्यायचे झाले तर मी हे देईन.

म्हणूनच २०२५ची घाई जास्त बोचते. नव्या कायद्यात कामाचे दिवस १००वरून १२५ झाले, हे खरे आणि चांगलेही. पण आजवर अकुशल मजुरीचा सगळा भार केंद्र उचलत होते. आता बहुतेक राज्यांना एकूण खर्चाचा ४० टक्के वाटा द्यायचा आहे. प्रत्येक राज्याचे वाटप केंद्र ठरवणार, त्यावरचा खर्च राज्याच्या माथी. पेरणी-कापणीच्या हंगामात मिळून ६० दिवस कामे बंद. यातल्या एकेका कलमावर समितीत दोन-दोन बैठका झाल्या असत्या. सप्तगिरी उलाका यांच्या अध्यक्षतेखालील ग्रामीण विकास समितीने त्याच वर्षी कामाचे दिवस १५० आणि मजुरी किमान ४०० रुपये करावी अशी शिफारस केली होती. विषयाची तयारी असलेली समिती हाताशी होती. तिच्यापुढे विधेयक गेलेच नाही.

हे एकट्या विधेयकाचे दुखणे नाही. पीआरएस या संसदीय अभ्याससंस्थेच्या मोजणीनुसार पंधराव्या लोकसभेत (२००९-१४) ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत (२०१९-२४) १६ टक्के. समिती म्हणजे नेहमी दुबळ्याची कैवारी असते, असेही समजू नये. भर्तृहरी महताब यांच्या अध्यक्षतेखालील कामगार समितीने औद्योगिक संबंध संहितेवरच्या अहवालात, कामगारकपातीसाठी सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३००वर न्यावी असे सुचवले. कामगार संघटनांना नेमके तेच नको होते. तरीही अहवाल छापला गेला, साक्षी नोंदल्या गेल्या, असहमतीला जागा मिळाली. पुढे सप्टेंबर २०२०मध्ये ती धरून तीन सुधारित कामगार संहिता नव्याने मांडल्या गेल्या आणि चार-पाच दिवसांत, विरोधकांच्या बहिष्कारात, दोन्ही सभागृहांतून पार पडल्या.

त्याच अधिवेशनात कोविडचे कारण सांगून प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला होता. लेखी उत्तरे मात्र चालू होती. टाळेबंदीत घरी चालत निघालेले किती मजूर वाटेत दगावले, या प्रश्नाला कामगार मंत्रालयाने उत्तर दिले की अशी आकडेवारी ठेवली जात नाही. मग नुकसानभरपाईचे काय? तो प्रश्न उद्भवत नाही. आपल्या विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या चाळणाऱ्याला हा साचा तोंडपाठ असतो. आधी ‘हे खरे आहे काय?’, मग ‘असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?’ आणि सगळ्यात शेवटी, न चुकता, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तराच्या रकान्यात ‘हे अंशतः खरे आहे’ आणि खाली ‘प्रश्न उद्भवत नाही’.

तरी या रकान्यांना कमी लेखू नये. २०२४च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत एक कोटी तरुणांना पाचशे बड्या कंपन्यांत उमेदवारी देण्याची घोषणा झाली, तिचे पुढे काय झाले ते कळले संसदेतल्या लेखी उत्तरांतूनच. पहिल्या फेरीत जागा १ लाख २७ हजार, अर्ज सहा लाखांवर, देकार ८२ हजार आणि प्रत्यक्ष रुजू झालेले नऊ हजारांच्या आत. एवढी गळती का, हे त्या उत्तरावर बसून विचारायला हवे होते. घरापासून दूर, महिना ५,००० रुपयांत पुण्यात किंवा चेन्नईत राहायचे कसे, हा प्रश्न पोरांनी मंत्रालयाच्या आधी सोडवला होता.

मुळात आकड्यांवरच भांडण असेल तर देखरेख करायची कशाच्या जोरावर? २०१७-१८च्या श्रमशक्ती सर्वेक्षणात बेरोजगारी ६.१ टक्के निघाली. अहवाल तयार असून बाहेर येईना. जानेवारी २०१९मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले. अहवाल अधिकृतपणे जाहीर झाला तो ३१ मे २०१९ रोजी, निवडणूक उरकल्यावर. पुढे २०२३-२४मध्ये दर ३.२ टक्क्यांवर आल्याचे सरकारने सभागृहात अभिमानाने सांगितले. त्यात घरच्या शेतीत वा दुकानात बिनपगारी राबणारेही रोजगारात मोजलेले असतात, आणि चालू साप्ताहिक पद्धतीत तर आठवड्यात एक तास काम केले तरी माणूस कामावर. ही व्याख्या नवी नाही, सरकारने आपल्या सोयीने घडवलेलीही नाही. पण उत्तर ऐकून खाली बसणाऱ्या किती खासदारांनी बिनपगारी कामाचा वेगळा तक्ता मागितला?

तक्ता मागणारा कोणी असेल तर काय बाहेर पडते, ते कॅगने दाखवले. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेवरचा अहवाल त्याच डिसेंबर २०२५च्या अधिवेशनात सभापटलावर आला. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातल्या ९५ लाख ९० हजार प्रशिक्षणार्थींपैकी ९४.५३ टक्क्यांच्या नावापुढे बँक खात्याचा रकाना कोरा, किंवा त्यात शून्ये, नाहीतर ‘लागू नाही’. काही ठिकाणी नुसते एकावर एक ओळीने मांडलेले. ज्याला शिकवले म्हणता, प्रमाणपत्र दिले म्हणता, त्याला पैसे पोचवायला खातेच नाही. योजना २०१५ची. स्थायी समिती दर वर्षी तिच्या मागण्या तपासत होती, सभागृहात लक्ष्यपूर्तीचे आकडे वाचले जात होते. तो रकाना उघडून बघायला लेखापरीक्षकच लागला.

अर्थसंकल्पाची तपासणी तर नावालाच उरली आहे. कोणत्या खात्याला किती पैसे द्यायचे हे लोकसभेने ठरवायचे; दोन-चार खात्यांवर चर्चा होते, उरलेल्या मागण्या शेवटच्या दिवशी गिलोटिनखाली एका दमात मंजूर. २०१८ आणि २०२३ साली एकाही खात्यावर चर्चा न होता सगळ्याच मंजूर झाल्या. शिक्षणाच्या पैशाचेच पाहा: १९६८च्या शिक्षण धोरणाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करायचे ठरवले होते, २०२०च्या धोरणाने तेच पुन्हा सांगितले. मध्ये बावन्न वर्षे. १९८६चे धोरण निदान संसदेत चर्चा होऊन संमत झाले होते. २०२०चे धोरण २९ जुलैला मंत्रिमंडळाने मंजूर केले तेव्हा संसद बसलेलीच नव्हती.

या सगळ्यात स्थायी समितीचे अहवाल हीच त्यातल्या त्यात गंभीर जागा. ३१ सदस्य, २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे. बैठक बंद दाराआड, त्यामुळे कॅमेऱ्यासाठी बोलावे लागत नाही. ब्रिटनमध्ये १९७९पासून अशा समित्या उघड्यावर साक्षी घेतात आणि मंत्र्यालाही समोर बसवतात. तिथे काही वर्षे शिक्षण व रोजगार या दोन्हींची मिळून एकच समिती होती. आपल्याकडे साक्षीला येतात सचिव. दिग्विजय सिंह यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण समितीने २०२५मध्ये केंद्राला सुनावले की पीएम-श्री शाळा योजनेच्या करारावर सही केली नाही म्हणून पश्चिम बंगाल, केरळ, तमिळनाडूचे समग्र शिक्षा योजनेचे पैसे अडवून धरणे योग्य नाही. समितीत सत्ताधारी सदस्यही होते. पुढे सरकार उत्तर देते आणि कार्यवाही अहवाल निघतो. मान्य झालेल्या शिफारशी एका प्रकरणात. उत्तर पाहून समितीने सोडून दिलेल्या दुसऱ्यात. एक प्रकरण मात्र आधी वाचावे: सरकारचे उत्तर समितीला पटलेले नाही, अशा शिफारशींचे. शिक्षकांच्या रिक्त जागा आणि कंत्राटी नेमणुका हे विषय तिथे सारखे भेटतात. पत्रकारांपैकी फारच थोडे तिथवर पोचतात. खासदारांपैकी किती, ते विचारू नये.

राज्यात परिस्थिती बरी आहे म्हणावे तर इथे कायद्यापेक्षा शासन निर्णयाचीच चलती. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के प्रवेशांतून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना सूट देणारी अधिसूचना ९ फेब्रुवारी २०२४ रोजी निघाली. ती नियमांतली दुरुस्ती होती, त्यामुळे सभागृहात विधेयक आणावे लागले नाही. ती रद्द केली मुंबई उच्च न्यायालयाने, १९ जुलैला. पहिलीपासून हिंदीचा निर्णय २०२५च्या एप्रिलमध्ये शासन निर्णयाने आला, जूनमध्ये दुसऱ्या शासन निर्णयाने बदलला आणि २९ जूनला दोन्ही मागे घेतले. पावसाळी अधिवेशन दुसऱ्या दिवशी सुरू होणार होते. रस्त्यावरच्या संतापाने निर्णय फिरला, पण पुढच्या निर्णयाची छाननी कुठे होणार? केरळ विधानसभेने १९८०मध्येच विषयवार समित्या नेमून अर्थसंकल्पाच्या मागण्या त्यांच्यापुढे न्यायला सुरुवात केली होती. आपल्याकडच्या समित्यांच्या भाऊगर्दीत त्या धर्तीचे काम करायला कोणाची ना नसावी.

निदान रोजगार हमीपुरती आता टाळाटाळ करता येणार नाही. ४० टक्क्यांचा वाटा राज्याच्या अर्थसंकल्पातून जायचा, म्हणजे ती मागणी मुंबईत किंवा नागपूरला सभागृहापुढे येणार. वाटपापेक्षा जास्त मजुरांनी काम मागितले तर जादा पैसे कोणत्या लेखाशीर्षातून, महाराष्ट्राचा स्वतःचा १९७७चा कायदा आणि नवा केंद्रीय कायदा यांचा मेळ कसा घालायचा, व्यवसाय करातून येणारी रक्कम आता कुठे जाते, हंगामाचे ६० दिवस ठरवताना मेळघाट आणि माण-खटाव यांना एकच पंचांग लावायचे का, हे प्रश्न रोजगार हमी योजना समितीने पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.