विडर बंद पडला तर

पाऊस उघडला, वापसा आला, की गटाच्या पॉवर विडरला घरोघरचं बोलावणं येतं. नेमका तेव्हाच तो बंद पडला, तर तणाचं फावतं. म्हणून मेकॅनिकला फोन करण्याआधी आम्ही तीन गोष्टी बघतो : पेट्रोल, हवा आणि ठिणगी.

आधी इंजिन थंड होऊ द्या. टाकीत जुनं पेट्रोल असेल तर काढून ताजं भरा. कॉक उघडा आहे ना, पाहा. एअर फिल्टर धुळीनं भरला की काळा धूर येतो. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन, पुरता वाळवून बसवा. मग प्लग काढा. काजळी असेल तर तारेच्या ब्रशनं घासा, ओला असेल तर पुसून वाळवा.

इंजिन चालतं, पण पाती फिरत नाहीत? क्लचची केबल किंवा पट्टा सैल असेल. पात्यांत गवत, दोरी अडकली असेल तर आधी इंजिन बंद करा, प्लगची टोपी काढा, मगच हात घाला. घाईत बोटं जातात. चालवताना पदर घट्ट खोचलेला हवा.

हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि उरलंसुरलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवा. म्हणजे कार्बोरेटर तुंबत नाही.