पित्ताशयातील खडे : ऑपरेशन कधी लागते, कधी लागत नाही?

छातीत जळजळ झाली, आंबट ढेकर आले की आपण "पित्त झालं" म्हणतो. या एका शब्दामुळे मोठा घोटाळा होतो. जेवणानंतर किंवा मध्यरात्री पोटाच्या वरच्या भागात, उजवीकडे जोराची कळ येते. ती पाठीत, उजव्या खांद्यापर्यंत जाते, उलटी होते. घरचे "पित्तच आहे" म्हणून ॲसिडिटीची गोळी देतात. दोन-तीन तासांनी कळ आपोआप थांबते आणि गोळी लागू पडली असे वाटते. प्रत्यक्षात तो पित्ताशयातील खड्यांचा त्रास असू शकतो. याच्या उलटही घडते. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी होते, रिपोर्टमध्ये खडे दिसतात आणि काही त्रास नसताना घाबरून कर्ज काढून ऑपरेशन केले जाते. या दोन्ही चुका टाळता याव्यात म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

खडे म्हणजे काय?

यकृत म्हणजे लिव्हर पित्तरस तयार करते. तो साठवणारी छोटी पिशवी म्हणजे पित्ताशय. रसातील कोलेस्टेरॉल किंवा रंगद्रव्य घट्ट होऊन खडे बनतात. खडा पिशवीच्या तोंडाशी अडकला की कळ येते. स्त्रियांमध्ये, बाळंतपणानंतर, लठ्ठपणात आणि वजन झपाट्याने उतरवणाऱ्यांमध्ये हे खडे जास्त आढळतात.

त्रास नसेल तर

खडे असलेल्या बहुतेकांना कधीच त्रास होत नाही. अशा व्यक्तीला सहसा ऑपरेशनची गरज नसते. खडा फार मोठा, म्हणजे 3 सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल किंवा पित्ताशयाची भिंत कडक झाली असेल, तर सर्जन वेगळा सल्ला देऊ शकतात. म्हणून रिपोर्ट हातात आल्यावर पहिला प्रश्न विचारायचा : "माझा त्रास खरोखर या खड्यांमुळेच आहे का?" नुसते गॅसेस आणि ढेकर यांचे कारण बहुधा दुसरेच असते.

त्रास होत असेल तर

एकदा कळ येऊन गेली की ती पुन्हा येण्याची शक्यता बरीच असते. त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे पूर्ण पित्ताशय काढणे. नुसते खडे काढले तर त्याच पिशवीत पुन्हा तयार होतात. आज हे ऑपरेशन दुर्बिणीतून, पोटाला तीन-चार लहान छिद्रे पाडून होते. भारतात अशी पहिली शस्त्रक्रिया 1990 मध्ये मुंबईच्या सरकारी जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी केली. आता जिल्ह्याच्या ठिकाणीही ती होते. बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात. सूज जास्त असेल तर कधी पोट उघडूनही ऑपरेशन करावे लागते. पित्ताशय नसले तरी यकृत पित्तरस बनवतच राहते, तो थेट आतड्यात जातो. काहींना सुरुवातीला पातळ जुलाब होतात, पण माणूस नेहमीचे जेवण जेवू शकतो.

खडा पित्तनलिकेत उतरला असेल तर आधी तोंडावाटे दुर्बीण घालून तो काढतात. याला ईआरसीपी म्हणतात. त्यानंतर पित्ताशय काढतात.

खडे विरघळवणारी औषधे

अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडची गोळी फक्त कोलेस्टेरॉलच्या लहान खड्यांवर चालते. ती कित्येक महिने घ्यावी लागते आणि बंद केल्यावर अनेकांना पुन्हा खडे होतात. मुतखड्यासाठी घेतात ते कुळथाचे कढण इथे उपयोगाचे नाही. मुतखडा लघवीवाटे पडतो, पित्ताशयाचा खडा त्या वाटेवर नसतोच. तेल आणि लिंबाचा रस पिऊन शौचातून "खडे पडले" असे दाखवणारे व्हिडिओ खूप फिरतात. ते हिरवे गोळे बहुधा त्याच तेलापासून पोटात बनलेले साबणासारखे गोळे असतात. खडे पिशवीत तसेच राहतात.

सिकलसेल असलेल्या घरांनी लक्ष द्यावे

विदर्भातील बौद्ध समाजात आणि आदिवासी भागांत सिकलसेल आढळतो. या आजारात लाल पेशी लवकर फुटतात आणि त्यातील रंगद्रव्याचे खडे तरुण वयात, लहान मुलांतही होतात. त्यांच्यावर विरघळवणारी गोळी चालत नाही. पोटदुखी ही नेहमीची सिकलसेलची कळ समजून दुर्लक्ष होते, म्हणून सोनोग्राफी करून घ्यावी. ऑपरेशनआधी सर्जनला आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना सिकलसेल असल्याचे सांगितलेच पाहिजे. अशा रुग्णाला सलाईन, ऑक्सिजन, ऊब आणि कधी रक्त यांची विशेष तयारी लागते.

केव्हा थांबू नये

- कळ पाच-सहा तासांनंतरही थांबत नसेल
- थंडी वाजून ताप येत असेल
- डोळे पिवळे किंवा लघवी गडद झाली असेल
- वरच्या पोटातील असह्य दुखणे पाठीत जाऊन उलट्या थांबत नसतील

यात पित्ताशयाला सूज, नलिकेत जंतुसंसर्ग किंवा स्वादुपिंडाला सूज असू शकते. हे जिवावर बेतते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. छातीत दाब आणि घाम असेल तर आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी.

खर्चाचे काय?

ऑपरेशन सांगितले आणि वरीलपैकी धोक्याचे लक्षण नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला वेळ असतो. सरकारी रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड दाखवून, हे ऑपरेशन त्या रुग्णालयात योजनेत बसते का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारा. सावकाराच्या दारात जाण्याआधी ही चौकशी नक्की करा. आणि कळ वारंवार येत असेल, तर खर्चाच्या भीतीने दुखणे अंगावर काढू नका.