सामायिक सूक्ष्मदर्शक आणि ऑनलाइन पूर्वशिक्षण

चाकणच्या औद्योगिक परिसरात घडविलेला एखादा क्रँकशाफ्ट मोडला, तर त्याचे कारण बहुधा भंगपृष्ठावरच शोधावे लागते. पुनःपुन्हा येणाऱ्या भाराने धातू शिणला असल्यास तेथे समांतर सूक्ष्म रेषा दिसू शकतात. एकाच जबर भाराने तुटलेल्या चिवट पोलादावर लहान लहान खळगे आढळतात. हा भेद स्पष्टपणे पाहण्यास स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

असे महागडे उपकरण प्रत्येक विभागास घेता येत नाही. म्हणून ते सामायिक ठेवण्याची प्रथा पडली. पवईच्या आयआयटीत या हेतूने १९७६ मध्ये प्रादेशिक केंद्र स्थापन झाले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातही मध्यवर्ती उपकरण केंद्र आहे. जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘आय-स्टेम’ या राष्ट्रीय संकेतस्थळामुळे देशातील उपकरणे शोधणे व त्यांवर वेळ मागणे सुलभ झाले. तथापि वेळ मिळाली म्हणजे पात्रता आली, असे नव्हे. नमुना धरणारा मंच बेताबाहेर वर नेल्यास तो भिंगावर आदळतो, आणि एकाच्या चुकीने पुढील सर्वांचे काम खोळंबते.

येथेच ऑनलाइन प्रशिक्षणाचा उपयोग होतो. ऑस्ट्रेलियातील राष्ट्रीय सूक्ष्मदर्शन संस्थेच्या ‘मायस्कोप’ या विनामूल्य पाठमालेत उपकरणाची संगणकीय प्रतिकृती आहे. विभव वाढविला किंवा फोकस बदलला असता प्रतिमेत काय फरक पडतो, हे विद्यार्थ्यास तीवर निर्धास्तपणे अजमावता येते. चूक झाली तरी हानी होत नाही, हा तिचा मोठा गुण होय.

परंतु तीच तिची मर्यादाही आहे. प्रतिकृतीतील नमुना आयता व स्वच्छ असतो. कारखान्यातून आलेल्या तुकड्यावर तेल असते. ते नीट न काढल्यास निर्वात कक्ष दूषित होतो. दोन्ही तुकडे एकमेकांस जुळवून पाहिल्यास भंगपृष्ठावरील सूक्ष्म खुणा घासून नष्ट होतात, आणि मग उत्तम सूक्ष्मदर्शकही खरे कारण दाखवू शकत नाही.

यास्तव ऑनलाइन पाठ व त्यावरील परीक्षा ही पहिली पायरी मानावी. त्यानंतर तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली विद्यार्थ्याने स्वतःचा नमुना सिद्ध करून तपासावा, आणि मगच त्यास स्वतंत्र वापराची अनुमती द्यावी. पाठाने कारण कळते. हात मात्र नमुन्यावरच तयार होतो.