भामटा हे विशेषण नव्हे

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात पीर बाजाराकडून घरी निघालेल्या एखाद्या आजींना दोघे अडवतात. ‘पुढे तपासणी चालू आहे, दागिने काढून रुमालात बांधा,’ म्हणतात, स्वतःच पुडी बांधून हातात देतात, आणि घरी आल्यावर पुडीतून खडे निघतात. फसवणुकीची ही तऱ्हा आता सगळ्याच शहरांना माहीत झाली आहे. तिची बातमीही ठरलेल्या भाषेत येते: ‘पोलीस असल्याची बतावणी करून भामट्यांनी वृद्धेला गंडवले.’ फसवणुकीसाठी मराठीत शब्दांचं दारिद्र्य कधीच नव्हतं. गंडवणे, लांबवणे, टोपी घालणे, चुना लावणे, हातोहात बनवणे असे कितीतरी आहेत. ‘भामटा’ हा एक शब्द मात्र आपण दुसऱ्याचं काय घेतलं आहे हे न पाहता वापरतो.

‘भामटा म्हणजे लबाड, एवढंच’

एवढंच नाही. महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत चौदा नावं आहेत: बेरड, बेस्तर, भामटा, कैकाडी, कंजारभाट, कटाबू, बंजारा, पाल पारधी, राज पारधी, राजपूत भामटा, रामोशी, वडार, वाघरी आणि छप्परबंद. या गटाला ३ टक्के आरक्षण आहे. म्हणजे भामटा ही शाळा सोडल्याच्या दाखल्यावर लिहिली जाणारी जात आहे. उस्मानपुऱ्यातल्या शासकीय तंत्रनिकेतनात प्रवेशासाठी येणाऱ्या मुलाच्या फायलीतही जातीच्या रकान्यात तो शब्द असू शकतो. मूल तो कागद हातात धरून रांगेत उभं असतं आणि शेजारच्या टपरीवरच्या पेपरात त्याच शब्दाखाली चोरीची बातमी असते. ‘बेरड आहे नुसता’ असं निगरगट्ट माणसाला म्हणताना आपण हेच करतो. बेरड याच यादीत पहिला आहे.

‘लोक चोऱ्या करायचे, म्हणून सरकारनं नोंद केली’

झालं ते उलट, आणि ते समजून घ्यायला हवं. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रज सरकारला अख्ख्या जमातीला गुन्हेगार घोषित करण्याचा अधिकार दिला. एखाद्याने काय केलं, हे आधी सिद्ध करायची गरजच उरली नाही. तो कुठल्या घरात जन्मला, एवढं पुरे होतं. आधी हा कायदा उत्तर हिंदुस्थानात आला, १९११च्या दुरुस्त कायद्याने देशभर लागू करण्याची सोय झाली. नोंदवलेल्या माणसाला हजेरी द्यावी लागे, गाव सोडायला परवाना लागे. काहींना तारेच्या कुंपणाआड ठेवलं गेलं. सोलापूरची ‘सेटलमेंट’ आजही जुन्या माणसांच्या बोलण्यात आहे. ज्या रामोशांकडे गावोगावची राखण होती, तेही अखेर याच चौकटीत आले.

‘कायदा गेला, शिक्काही गेला’

कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला. त्यातून सुटलेल्या जमाती त्या विमुक्त, म्हणूनच तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. शिक्का राहिला. लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांनी आपल्या आत्मकथनाला जमातीवरचाच शिक्का नाव म्हणून दिला: ‘उचल्या’. १९८७ साली ते आलं, १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. तुरुंगांच्या नियमांत तर विमुक्तांविषयीचा संशय आता-आतापर्यंत लिखित स्वरूपात होता. ते नियम रद्दबातल ठरवणारा आणि या समाजातल्या लोकांना मनमानीने अटक करू नका असं बजावणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ३ ऑक्टोबर २०२४चा आहे.

‘मग त्यांनीच नाव बदलावं’

२०२३च्या मे महिन्यात याच शहरात राजपूत समाजाच्या मेळाव्यात तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी ‘राजपूत भामटा’मधला ‘भामटा’ शब्द काढण्याची घोषणा केली. बंजारा आणि इतर विमुक्तांनी कडाडून विरोध केला. शब्द गळला की विमुक्त नसलेल्यांनाही त्याच तुटपुंज्या आरक्षणात शिरायला वाट मिळेल, ही त्यांची भीती होती, आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही. ज्या नावाने अपमान होतो, त्याच नावावर हक्कही टेकलेला आहे. नाव बदलण्याचा भार त्यांच्यावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. बदलायची आहे ती बाकीच्यांची बोली.

‘असं बोललं तर ॲट्रॉसिटी लागते’

लागत नाही. १९८९चा तो कायदा अनुसूचित जाती आणि जमातींसाठी आहे. महाराष्ट्रात भामटा जात त्यांत नाही. भारतीय वृत्तपत्र परिषदेची आचारसंहिता मात्र सांगते की एखाद्या जातीला कमीपणा येईल असा जातीचा उल्लेख टाळावा.

‘चारसोबीस’ आणि ‘ठग’

‘चारसोबीस’ ज्यावरून आला, ते दंड संहितेचं कलम ४२० आता नवीन प्रकरणांना लागत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि फसवून मालमत्ता काढून घेण्याचा गुन्हा कलम ३१८च्या चौथ्या पोटकलमात गेला. शिक्षा सात वर्षांपर्यंतच राहिली. त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला अजून ४२०च लागतं.

‘ठग’ वरच्या यादीत नाही. दंड संहितेच्या कलम ३१० मध्ये त्याची व्याख्या होती, ती टोळीने केलेल्या कृत्यावरून, जन्मावरून नव्हे. नव्या संहितेत ते कलमच नाही.

‘पण नेमका दुसरा शब्द कुठे आहे?’

उस्मानपुऱ्यातल्या क्लासच्या मुलांना एखादा माणूस ‘शेडी’ वाटतो, कारण पुरावा हाती नसताना नुसता संशय सांगायचा असतो. त्याच अर्थाने त्यांच्या आज्या ‘कुठेतरी पाणी मुरतंय’, ‘यात काळंबेरं आहे’ म्हणतात. सोमवारी येतो म्हणून न येणारा रंगारी बेभरवशाचा; त्याला फसवा म्हणणं जास्तीचं होईल. आधी विश्वास मिळवून मग घात करणारा दगाबाज, दूरवरचे डाव आखणारा कावेबाज, धर्माच्या नावावर लुटणारा भोंदू. ‘लबाड’ तर लाडाने लहान मुलालाही म्हणतात, म्हणून गंभीर गुन्ह्याला तो कमी पडतो.

आजींना अडवणाऱ्या त्या दोघांसाठी इतिहासानेच शब्द दिला आहे. १७६१ साली पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचं नाव घेऊन एक माणूस उभा राहिला, लोकांनी त्याला मानलं, पेशवाई हैराण झाली आणि १७७६ मध्ये त्याला मृत्युदंड दिला गेला. तो भाऊसाहेबांचा तोतया. दुसऱ्याचं रूप घेऊन फसवणारा तो तोतया. ‘तोतया पोलीस’ म्हटलं की गुन्ह्याची रीतही कळते, कुणाच्या जातीला हातही लागत नाही. संपादकीय विभागातले मित्र म्हणतात, मथळ्यात जागा कमी असते. ‘भामटा’ तीन अक्षरी आहे. ‘ठग’ आणि ‘चोर’ दोन अक्षरी.