कृत्रिम नेत्रांचे कारागीर आणि त्यांची उमेदवारी

अपघाताने, युद्धाने किंवा व्याधीने ज्याचा एक डोळा कायमचा गेला, त्याच्या रित्या खोबणीत शेजारच्या जिवंत डोळ्याशी रंगाने, आकाराने आणि शक्य तितके हालचालीनेही जुळेल असा दुसरा डोळा बसवून देणे हे ज्या मूठभर कारागिरांचे काम, त्यांचे शिक्षण आजच्या पदवीप्रधान काळातही जुन्या उमेदवारीच्या वाटेनेच चालते. अमेरिकेत जवळजवळ प्रत्येक धंद्याचे महाविद्यालय आहे. या धंद्याचे मात्र नाही. १९५७ साली स्थापन झालेल्या ‘अमेरिकन सोसायटी ऑफ ऑक्युलरिस्ट्स’ या संस्थेचा दंडक असा, की उमेदवाराने मान्यताप्राप्त उस्तादाच्या हाताखाली पाच वर्षे, म्हणजे १०,००० तास, प्रत्यक्ष काम करावे आणि त्याखेरीज शरीररचना, नेत्रशस्त्रक्रिया, द्रव्यांचे गुणधर्म, रंगशास्त्र इत्यादी विषयांच्या व्याख्यानांतून ७५० श्रेयांक मिळवावेत. तळहाताच्या खळग्यात सहज मावणाऱ्या एका वस्तूसाठी ही मुदत प्रथमदर्शनी अवास्तव भासते. परंतु या विद्येचे अध्ययनद्रव्य म्हणजे माणसाची खोबण. ती प्रयोगशाळेत मागणीनुसार मिळत नाही, ज्याच्या त्याच्या दुर्दैवाने एकेक करून, आपल्याच क्रमाने समोर येते, आणि तिचे पुरेसे प्रकार पाहून होईपर्यंत कितीही बुद्धिमान उमेदवाराला थांबावेच लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या मुदतीचे मर्म कळते.

कृत्रिम डोळा म्हणजे काचेची गोटी, ही समजूत सार्वत्रिक आहे आणि ती चुकीची आहे. शस्त्रवैद्य एक तर संपूर्ण नेत्रगोलक काढतो, किंवा त्याचे बाहेरील पांढरे आवरण जागच्या जागी ठेवून आतील द्रव्य तेवढे काढतो. आणि या दोहोंनंतर खोबणीत जी पोकळी राहते ती भरण्यासाठी एक लहान गोल आत बसवून त्यावर शरीराचेच आवरण शिवून टाकतो. असा गोल बसविण्याची कल्पना म्यूल्स या इंग्रज शस्त्रवैद्याने १८८५ च्या सुमारास काचेचा गोल वापरून रूढ केली. शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा ते आठ आठवडे पापण्यांच्या आत एक पारदर्शक वाटी ठेवून खोबणीचा आकार राखतात, आणि सूज पूर्ण ओसरली म्हणजे रोगी वैद्याकडून कारागिराकडे येतो. कारागीर जे घडवितो ते पापण्या आणि आतील गुलाबी अस्तर यांच्यामध्ये बसणारे, काही मिलिमीटर जाडीचे, वक्र कवच होय. त्याची पुढची बाजू जगाला दिसते. परंतु डोळा हलेल की नाही, पापणी नीट मिटेल की नाही, दिवसभर पाणी व चिकटा येईल की नाही, हे सारे त्याच्या कोणाला न दिसणाऱ्या पाठीवर ठरते. आत बसविलेला गोल स्नायूंबरोबर हलतो, त्यावरचे अस्तर हलते आणि कवचाची पाठ त्या अस्तराशी जितकी एकजीव असेल तितकी ती हालचाल पुढे पोहोचते. उमेदवारीची पहिली वर्षे मुख्यत्वे या पाठीवर खर्ची पडावीत, हे मला सर्वथा उचित वाटते.

या हुन्नराची जुनी राजधानी म्हणजे जर्मनीतील थुरिंगिया प्रांताच्या अरण्यात वसलेले लाउशा हे गाव. तेथे १५९७ साली काचेची भट्टी स्थापन झाली, आणि पुढे काचेची खेळणी, मणी, बाहुल्यांचे डोळे हा त्या गावाचा घरोघरचा उद्योग झाला. बाहुल्यांचे डोळे करणाऱ्या लुडविग म्यूलर-उरी या कारागिराने १८३५ साली माणसाचा डोळा घडविण्यास आरंभ केला. तोवर या क्षेत्रात पॅरिसच्या कारागिरांचे वर्चस्व होते. पण त्या वेळची काच अश्रूंपुढे टिकत नसे, काही महिन्यांतच तिचा पृष्ठभाग खरखरीत होऊन खोबणीला टोचू लागे. १८६८ साली लाउशात क्रायोलाइट या खनिजाचा उपयोग करून नवी काच सिद्ध झाली. हे खनिज ग्रीनलंडच्या खाणींतून येई, आणि त्याच्या योगाने काचेला जी किंचित करडी, दुधाळ छटा येते ती नेत्राच्या पांढऱ्या भागाशी विलक्षण जुळते. शिवाय ही काच अश्रूंना सहसा दाद देत नाही. त्याच परंपरेतील फ्रीडरिख आडोल्फ म्यूलर १८७५ साली वीसबाडेन येथे गेला, आणि तेथे त्याच्या घराण्याने चालविलेल्या कार्यशाळेत स्नेलेन या डच नेत्रवैद्याच्या सूचनेवरून १८९८ साली दुहेरी भिंतीचा पोकळ डोळा तयार झाला. ज्यांच्या खोबणीत आतील गोल नाही त्यांची खोल गेलेली पापणी या डोळ्याने भरून निघू लागली.

जर्मनीत आजही बहुसंख्य रोगी काचेचाच डोळा वापरतात, आणि तेथील शिक्षणाला सरकारी चौकट आहे. काचफुंक्याच्या तीन वर्षांच्या मान्य उमेदवारीत कृत्रिम नेत्र ही एक स्वतंत्र शाखा असून लाउशाची व्यवसायशाळा त्या शिक्षणाचे प्रमुख केंद्र आहे. परंतु त्या परीक्षेने ज्योत आणि काच हातात आली एवढेच सिद्ध होते. रोग्यास समोर बसवून त्याचा डोळा स्वतंत्रपणे घडविण्याचा विश्वास कमावण्यास त्यापुढेही अनेक वर्षे लागतात. पांढऱ्या काचेची नळी ज्योतीत फिरवीत तिचा गोळा फुगवायचा. त्यावर रंगीत काचेच्या काड्या वितळवून बुबुळाच्या रेषा मध्याकडून कडेकडे न्यायच्या. मध्यभागी काळ्या काचेचा थेंब ठेवून बाहुली करायची. त्या सर्वांवर स्वच्छ काचेचा थर देऊन खऱ्या डोळ्यात दिसते तसली खोली आणायची. तांबड्या काचेच्या तंतूंनी शिरा काढायच्या. आणि शेवटी ज्योतीनेच त्या गोळ्यातून हवे तेवढे कवच कापून, कडा वितळवून गुळगुळीत करून, ते सावकाश निवू द्यायचे. निष्णात हात हे सारे तासाभरात उरकतो. मात्र काच निवल्यावर तिच्यात दुरुस्तीला वाव नाही. पापणी थोडी जास्त उचलली गेली, तर नवा डोळा फुंकणे एवढाच उपाय. म्हणून काचेच्या परंपरेत शिकणाऱ्याला माप हातापेक्षा नजरेने घेण्याची सवय लावावी लागते. एवढे करून हा डोळा एक-दोन वर्षांनी बदलावाच लागतो.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचा माल अमेरिकेत व इंग्लंडात येईनासा झाला, आणि नेमक्या त्याच वेळी डोळा गमावलेल्या सैनिकांची संख्या वाढत चालली. ही नड भागविली ती अमेरिकी सैन्यातील दंतवैद्यांनी. कवळीसाठी वापरात असलेले ॲक्रिलिक हे द्रव्य त्यांनी १९४४ च्या सुमारास डोळ्यासाठी वापरले, आणि कवळीची सारी रीत त्याबरोबर या धंद्यात आली. आज हा डोळा करताना दाताच्या मापासाठी वापरतात तेच ॲल्जिनेट खोबणीत भरून ठसा घेतात, त्यावरून मेणाचा नमुना करतात, तो पापण्यांत बसवून हवा तेथे खरवडतात किंवा वाढवितात, मग साच्यात पांढरे ॲक्रिलिक दाबून उकळत्या पाण्याच्या उष्णतेने पक्के करतात. काचेहून याचा मोठा गुण असा, की चूक पुन्हा सुधारता येते. कारागीर कडा घासू शकतो, भर घालू शकतो, आणि दरवर्षी झिलई दिल्यास हा डोळा पाचेक वर्षे चांगला टिकतो.

उमेदवाराच्या हाती साधारणतः प्रथम येते ते झिलईचे चाक. खवल्यासारखा बारीक ओरखडाही राहिला तर त्यात श्लेष्मा साठतो आणि अस्तर सुजते, हे चाकावर हात बसताना तो शिकतो. मग ठसा, मग मेण, आणि सर्वांत शेवटी रंग. रंगाचे काम खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, रोगी समोर बसलेला असताना करावे लागते. दिव्याच्या उजेडात जुळलेला तपकिरी रंग उन्हात हिरवट दिसू शकतो. साडेअकरा-बारा मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर कोरडी रंगद्रव्ये पातळ ॲक्रिलिकमध्ये कालवून एकावर एक थर चढवितात: आधी तळाचा गडद रंग, मग रेषा, मग बाहुलीभोवतीचे फिकट कडे, मग काठाची धूसर झाक. त्यावर पारदर्शक थर चढला म्हणजे प्रत्येक रंगाची छटा बदलते. म्हणून ओल्या रंगाकडे पाहताना त्याचे पुढचे रूप मनात धरावे लागते, आणि हीच गोष्ट शिकविता येत नाही, फक्त शेकडो चकत्या रंगवून अंगवळणी पडते. श्वेतपटलावर शिरांसाठी तांबड्या रेशमाचे उकललेले तंतू चिकटवितात. कोपऱ्यांकडे पिवळसर, काठाला निळसर छटा देतात. वृद्धाच्या बुबुळाभोवती येणारे पांढुरके कडेही विसरून चालत नाही. बाहुलीचा आकार ठरविताना तडजोडच करावी लागते, कारण जिवंत बाहुली उन्हात आकुंचते व अंधारात पसरते, आणि रंगविलेली तशीच राहते. तेव्हा तो माणूस बहुतेक वेळ ज्या उजेडात वावरतो त्या उजेडातील मधले माप घेणे हेच शहाणपणाचे.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत मूर्तीचे अंग पुष्कळ जण रंगवितात, पण डोळ्यांची आखणी निवडक हातांकडेच जाते, हे आपल्याकडील सर्वांस ठाऊक आहे. तेथील रेखणीकार दोन्ही डोळे स्वतःच कल्पितो आणि त्यांची एकमेकांशी संगती राखतो; येथे मात्र एक डोळा निसर्गाने आधीच रेखून ठेवलेला असतो, आणि कारागिराला आपली सारी आवड बाजूस ठेवून त्याच्याशी इमान राखावे लागते. सुंदर डोळा काढणारा उमेदवार या धंद्यात बहुधा प्रथम नापास होतो, असे मी म्हणेन. शेजारच्या डोळ्यात दोष असेल तर तो दोषही रेखता आला पाहिजे.

मुदत पुरी झाल्यावर अमेरिकेत ‘नॅशनल एक्झामिनिंग बोर्ड ऑफ ऑक्युलरिस्ट्स’ लेखी आणि प्रात्यक्षिक अशी परीक्षा घेते. तीत उत्तीर्ण झालेल्यास मिळणारी सनद कायमची नसते. दर सहा वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. इंग्लंडात कृत्रिम डोळे घडविण्याचे काम मुख्यत्वे ब्लॅकपूल येथील ‘नॅशनल आर्टिफिशियल आय सर्व्हिस’ या सरकारी आरोग्यसेवेच्या खात्याकडे आहे, आणि उमेदवार त्या खात्यातच नोकरी करीत शिकतो.

परीक्षेत न मावणारा भाग माणसाशी वागण्याचा. रोगी कारागिरासमोर बसतो तेव्हा त्याने आपली खोबण आरशात पाहण्याचे धैर्य पुष्कळदा केलेले नसते. त्याला डोळा काढणे-घालणे, धुणे शिकवावे लागते, आणि उरलेल्या डोळ्याच्या रक्षणासाठी न फुटणारा चष्मा लावण्याविषयी आग्रह धरावा लागतो. लहान मुलांच्या बाबतीत तर हे काम वर्षानुवर्षे पुरते. बाहुलीत पांढरी चमक दिसून ज्याचे निदान होते तो दृष्टिपटलाचा कर्करोग बहुधा पाच वर्षांच्या आतील बालकांना होतो, आणि आपल्या देशात मूल उशिरा आणले गेल्यामुळे जीव वाचविण्यासाठी डोळा काढावा लागण्याचे प्रसंग फार. खोबण भरलेली राहिली नाही तर तिच्याभोवतीचे चेहऱ्याचे हाड पुरते वाढत नाही. म्हणून वाढत्या वयाबरोबर कवचही वाढवीत न्यावे लागते. जन्मतः डोळा नसलेल्या अर्भकाच्या बाबतीत तर काही आठवड्यांच्या अंतराने क्रमाने मोठ्या वाट्या बसवून पापण्यांना जागा करून द्यावी लागते.

भारतात ही विद्या दोन घरी वाढली आहे: दंतमहाविद्यालयांतील कृत्रिम दंतशास्त्राच्या विभागांत, आणि हैदराबादचे एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थान, चेन्नईचे शंकर नेत्रालय, मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय यांसारख्या मोठ्या संस्थांत. असे असूनही पेटीतून रंग जुळवून काढलेला तयार डोळा बसवून घेणारे लोक पुष्कळ आहेत. त्या डोळ्याची पाठ कोणाच्याच खोबणीसाठी घडविलेली नसते, आणि पाठ व अस्तर यांमधील फटीत अश्रू साठून राहतात. रंगाच्या बाबतीतही आपल्या उमेदवाराला पाश्चात्त्य शिक्षणाची पुरती मदत होत नाही. निळा डोळा कठीण आणि तपकिरी सोपा, असा समज आहे. वस्तुतः सावळ्या माणसाच्या डोळ्याचा पांढरा भाग शुभ्र नसतो, त्यावर बुबुळाच्या कडेने तांबूस-तपकिरी ठिपके असतात, पिवळसर झाक असते, आणि शुद्ध पांढरे कवच घातले की तो डोळा दुरूनही परका दिसतो.

मोठ्या नेत्ररुग्णालयात रोग्यांचा ओघ विपुल असल्यामुळे येथील उमेदवाराला खोबणींचे प्रकार लवकर पाहावयास मिळतील. पण आपण केलेला डोळा दोन वर्षांनी कसा दिसतो, पापणी कोठे ओघळली, रंग कोठे उतरला, हे पाहणेही १०,००० तासांत मोडते. विदर्भातून किंवा कोकणातून शेकडो मैल प्रवास करून डोळा बसवून घेतलेला शेतकरी वार्षिक झिलईसाठी पुन्हा तितकाच प्रवास करील, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. परंतु झिलईसाठी लागणारे चाक व प्युमिसची भुकटी कवळी करणाऱ्या प्रत्येक दंतशाळेत असते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या दंततंत्रज्ञाला एवढे एक काम नीट शिकविले, आणि रोग्याचा डोळा, पापण्या व अस्तर यांविषयीची त्याची टिपणे मूळ कारागिराकडे दरवर्षी जातील अशी तजवीज केली, तर रोग्याचा खर्च वाचेल आणि उमेदवाराच्या शिक्षणातील जो भाग आज कोरा राहतो तो भरून निघेल.