ताप पाहा, पण श्वासही मोजा

पावसाळा सरून हवेत गारवा आला की आमच्या दवाखान्याच्या ओट्यावर आयांची गर्दी होते. प्रत्येकीचा पहिला प्रश्न ठरलेला, "डॉक्टर, ताप किती आहे?" कपाळाला हात लावून लेकराचे दुखणे जोखण्याची आपली रीत जुनी आहे. ती वाईट नाही. पण तेवढ्यावरच विसंबले तर फसगत होते. अशी फसगत माझीही एकदा झाली, म्हणून आज हे लिहीत आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. जवळच्या खेड्यातली एक बाई दोन मुलांना घेऊन आली. थोरला चार वर्षांचा. अंगात 103 ताप, पण टेबलावरच्या वस्तू ओढण्यात दंग. धाकटी पाच महिन्यांची, आईच्या पदराखाली निजलेली. "हिला ताप नाही, नुसती सर्दी आहे," आई म्हणाली. बाहेर गर्दी होती. थोरल्याला मी नीट तपासले. धाकटीच्या छातीला नळी लावली न लावली आणि नाकात टाकायचे थेंब लिहून दिले. "बरे वाटले नाही तर आणा," एवढेच म्हणालो. बरे न वाटणे म्हणजे नेमके काय, ते मी सांगितले नाही आणि तिनेही विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे ती धावतच आली. थोरला ठणठणीत झाला होता. धाकटीने मात्र आदल्या दुपारपासून दूध घेतले नव्हते. ओठ निळसर पडले होते आणि प्रत्येक श्वासाबरोबर बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात होता. अंग तेव्हाही तापलेले नव्हते. "रात्रभर शांत निजली, म्हणून उठवली नाही," आई रडत सांगत होती. ती झोप नव्हती, पोर गळून गेली होती. न्यूमोनिया! जिल्ह्याच्या रुग्णालयात प्राणवायू लावावा लागला. आठ दिवसांनी पोर घरी आली, हे आमचे नशीब.

तेव्हापासून मी प्रत्येक आईला श्वास मोजायला शिकवतो. मूल शांत असताना, म्हणजे रडत किंवा दूध पीत नसताना, झबले वर करा. पोट-छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास. सेकंदकाटा पाहून पूर्ण एक मिनिट मोजा. तान्ह्या बाळाचा श्वास कमी-जास्त होत असतो, म्हणून अर्धे मिनिट मोजून दुप्पट करू नका. 2 महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, 2 महिने ते 1 वर्षापर्यंत 50 किंवा जास्त आणि 1 ते 5 वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अगदी तान्ह्याचे 60 भरले तर लगेच पुन्हा एकदा मोजून खात्री करा. तापातही श्वास थोडा वाढतो, पण त्या भरवशावर घरी बसू नका.

"आम्हाला कुठले हे जमायला?" असे काही जणी म्हणतात. त्यांना मी गडचिरोलीचा दाखला देतो. तेथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या निरक्षर सुइणींनाही श्वास मोजायला शिकवले. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी, एवढेच साधन. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. गावातच न्यूमोनिया ओळखून औषध दिल्याने बालमृत्यू कमी झाले, हे त्यांनी 1990 साली जगापुढे मांडले. सुइणींना जमले ते आपल्याला का जमू नये?

श्वासाखेरीज आणखी काही खुणा ध्यानात ठेवा. मूल दूध-पाणी घेईनासे होणे, घेतलेले सगळे ओकून टाकणे, झटके येणे, हाक मारून-हलवूनही नीट जागे न होणे, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत जाणे, कण्हल्यासारखा आवाज येणे, ओठ निळे पडणे. यातली एकही खूण दिसली तर मध्यरात्र असली तरी निघा. "सकाळी पाहू" म्हणू नका. गाडी नसेल तर 108 क्रमांकावर फोन करा. 2 महिन्यांच्या आतील बाळाला 100.4 ताप आला किंवा त्याचे अंग गार लागले, तरीही थांबू नये.

साध्या सर्दीला घरचे उपाय पुरतात. अंगावरचे दूध पुन्हापुन्हा पाजा, बाळाला उबेत ठेवा. नाकात तेल सोडू नका, धुरी देऊ नका. उरलेले खोकल्याचे औषध मनाने पाजू नका. त्याने गुंगी आली तर मूल निवांत झोपले असे वाटते आणि वेळ निघून जातो.

शेवटी एक विनंती. दवाखान्यातून निघताना डॉक्टरांना जरूर विचारा, "काय दिसले तर याला परत आणू?" गर्दी कितीही असो, हे विचारायला संकोच करू नका. त्या दिवशी हे सांगायचे मी विसरलो होतो. तुमचे डॉक्टर विसरले, तर तुम्ही आठवण करून द्या.